पट रंगविण्यापूर्वी

सुटीच्या दिवसांत मुले पट मांडून बसली की घरातील वडील मंडळी खेळाकडे कौतुकाने पाहतात. पटाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. दान कसे पडले, कोणाची सोंगटी मेली, कोण रडीचा डाव खेळला, याची चर्चा होते. पटावरील रंग, चित्रे व घरांची मांडणी ही निव्वळ शोभा होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी असती, तर कोणताही पट कसाही रंगविला तरी चालले असते. वस्तुस्थिती तशी नाही. पटाचे रूप ही खेळाची पहिली भाषा होय. ती एकट्याने घडविणे कठीण, आणि पाच-सहा विद्यार्थ्यांनी मिळून घडविणे त्याहून कठीण.

रूपाचे सामर्थ्य केवढे असते, हे सापशिडीच्या इतिहासावरून दिसून येते. या खेळाचे आपल्याकडील जुने नाव मोक्षपट. महाराष्ट्रातील परंपरा त्याचा संबंध श्रीज्ञानेश्वरांशी जोडते. उत्तरेकडे त्याला ग्यान चौपड म्हणत. वैष्णवांचे ७२ घरांचे, जैनांचे ८४ घरांचे व सूफी पंथीयांचे १०० घरांचे पट आजही संग्रहांतून पाहावयास मिळतात. त्यांतील घरांना क्रोध, मत्सर, दया, भक्ती अशी नावे असत, आणि वरच्या ओळीत देवलोक असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, तेव्हा देवलोक गळाला व त्या जागी शहाण्या आणि खोडकर मुलांची चित्रे आली. पुढे १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापही काढून टाकले आणि घसरगुंड्या आणल्या. वर चढणे व खाली येणे हा खेळाचा गाभा कायम राहिला. बदलले ते चित्र. आणि चित्राबरोबर एका ठिकाणचा मोक्षमार्ग दुसऱ्या ठिकाणी नीतिपाठ झाला व तिसऱ्या ठिकाणी बागेतील मौज झाली. चित्रकाराने नियमाला हात न लावता खेळाचा अर्थ पालटला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा धडा सारीपाटाचा. त्याच्या चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरे. चार रंगांच्या मिळून १६ सोंगट्या. पट कापडाचा असल्यामुळे घडी घालून पिशवीत जातो. परंतु त्याचा खरा गुण असा की तो चारही बाजूंनी सारखाच दिसतो. चार खेळणारे चार दिशांना बसले तरी कोणाच्याही वाट्याला उलटा पट येत नाही. त्यावर एक अक्षरही नाही. काही घरांवर फुली असते, आणि कवड्यांच्या खेळात त्या घरातील सोंगटी मारली जात नाही, एवढे समजले की काम झाले. आजचे अनेक छापील पट या कसोटीस उतरत नाहीत. त्यांवरील मजकूर एकालाच सुलटा वाचता येतो, आणि बाकीचे तिघे माना वाकड्या करून बसतात.

हे दोन धडे घेऊन विद्यार्थ्यांनी स्वतःचा पट करावयाचे ठरविले, तर काय होईल? उदाहरणादाखल सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब हे गाव घेऊ. माढे तालुक्यातील या गावावरून पुणे-सोलापूर हमरस्ता जातो, आणि कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारा लोहमार्गही जातो. समजा, येथील सहा विद्यार्थी एकत्र आले. शहरांच्या खरेदी-विक्रीचा 'व्यापार' हा खेळ त्यांनी खेळलेला असणार. त्यावर मुंबई असते, दिल्ली असते, मोडनिंब नसते. आपले गाव पटावर यावे, ही त्यांची इच्छा स्वाभाविक होय, आणि त्यासाठी विषय दाराशीच आहे: कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंतचा आगगाडीचा प्रवास.

विषयात रसही पुष्कळ आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी प्रथम धावली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. हा लोहमार्ग पुढे पंढरपुरास पोहोचला, १९२७ साली मिरजेपर्यंत गेला, १९५४ साली सरकारने विकत घेतला, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे रुंद मार्गात रूपांतर झाले. वारकऱ्यांची गर्दी, माळरानावरची ज्वारी, उजनीच्या कालव्याचे पाणी, वेळेवर न येणारा पाऊस, एवढी सामग्री हाताशी असता चित्रांना तोटा नाही.

नेमका येथेच पहिला धोका आहे. सामग्री विपुल दिसली की मुले लगेच रंगाच्या पेट्या उघडतात. कोणी इंजिन काढतो, कोणी विठ्ठलमंदिराचे शिखर, कोणी दिंडी. आठ दिवसांत सहा सुंदर चित्रे तयार होतात, पण खेळ तयार होत नाही. यास्तव पहिला पट कोरा असावा. साध्या कागदावर पेन्सिलीने घरे आखावीत, सोंगट्यांच्या जागी चिंचोके ठेवावेत आणि दहा-बारा डाव खेळून पाहावेत. कोणत्या घरी खेळणारा थांबतो, कोठे त्याला निवड करावी लागते, कोठे कंटाळतो, हे समजल्यावाचून रंगाचे काम सुरू करू नये. चित्र देखणे झाले की ते पुसावयास मन धजत नाही, आणि मग चुकलेला नियम केवळ चित्राच्या भिडेने तसाच राहतो.

दुसरा मोह नकाशाचा. प्रवासाचा पट म्हटला की विद्यार्थी भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा उतरवू लागतात. तथापि नकाशा व पट यांचे काम वेगळे. लंडनमधील भुयारी रेल्वेचा हॅरी बेक याने आखलेला आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेला आराखडा या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्याने स्थानकांमधील खरी अंतरे सोडून दिली, वाकडे मार्ग सरळ केले आणि केवळ क्रम व जोड ठेवली. प्रवाशाला गाडी कोठे बदलावयाची एवढेच हवे असते. मोडनिंबच्या पटावरही हाच न्याय लागू करावा. नकाशावर दोन स्थानकांमध्ये मैलोगणती मोकळे रान असते. पटावर मात्र प्रत्येक दानाला काहीतरी घडले पाहिजे. रान दाखवावयाचे, पण ते घरांच्या खाली, फिक्या छटेत. वाट मात्र ठळक.

रंगांविषयी सोलापुराहून अधिक चांगली शिकवण दुसरीकडे शोधण्याचे कारण नाही. सोलापुरी चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून आखतात. मागावर गोल रेषाही पायऱ्यापायऱ्यांनीच उतरते, आणि रंग मोजकेच असतात. हे बंधन होय, पण चादर दुरून ओळखू येते ती याच बंधनामुळे. विद्यार्थ्यांनीही तीन रंग व काळी रेघ एवढेच भांडवल ठरवून घ्यावे. एक रंग वाटेचा, एक संकटाचा, एक लाभाचा. आणि एकदा संकटाला दिलेला रंग मग फुलांनाही देऊ नये. शिवाय काही माणसांना तांबडा व हिरवा यांतील भेद डोळ्यांना कळत नाही. म्हणून रंगाबरोबर आकारही बदलावा: संकटाचे घर त्रिकोणी खुणेचे, लाभाचे गोल खुणेचे. खूण पटाच्या मध्याकडे तोंड करून नव्हे, तर ज्या कडेला ते घर आहे त्या कडेला बसलेल्यास सुलटी दिसेल अशी काढावी.

रंग आणि आकार यांची ही जोड महाराष्ट्राला नवी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंगांची, म्हणजे दहा गटांची, प्रत्येकी १२ अशी १२० पाने असतात. प्रत्येक गटाची भूमी निराळ्या रंगाची, आणि खूणही निराळी: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशु. रंग ओळखला नाही तरी खूण सांगते, खूण झाकली गेली तरी रंग सांगतो. वाटोळे पान हातात कसेही फिरले तरी घोटाळा होत नाही.

गंजिफांवरून आणखी एक गोष्ट शिकावयाची, आणि संघाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. ही पाने चितारी घराण्यांत अनेक हातांनी तयार होत. कोणी पान कापी, कोणी चिंचोक्याची खळ व खडूचा लेप देई, कोणी भूमी रंगवी, कोणी रेखाटन करी, कोणी पाठीला लाख चढवी. पानांच्या पाठी एकसारख्या असाव्या लागत; एक जरी निराळी झाली तरी पान उघडे पडले आणि डाव बुडाला. तेथे कामाची वाटणी कृतीप्रमाणे होती. विद्यार्थी याच्या उलट करतात: एक कोपरा एकाला, दुसरा दुसऱ्याला. परिणामी पटाच्या चार कोपऱ्यांत चार गावे नव्हे, चार स्वभाव दिसू लागतात. एका हाताने सर्व रेघा, दुसऱ्याने सर्व भूमी, तिसऱ्याने सर्व अक्षरे, अशी वाटणी केली तर सहा हातांचे काम एका हाताचे भासते. त्याआधी सर्वांनी मिळून एक नमुन्याचा कागद करावा: रेघ किती जाड, माणसाचे डोके धडाच्या मानाने केवढे, अक्षराची शिरोरेघ केवढी. वाद झाला तर निकाल त्या कागदाने द्यावा, मोठ्या आवाजाने नव्हे.

इतके करूनही एक प्रसंग टळत नाही. संघातील उत्तम चित्रकाराने काढलेले इंजिन सर्वांना आवडलेले असते, आणि तेच तीन घरे झाकून टाकीत असते. ते काढावे, तर मित्राचे मन दुखावते. ठेवावे, तर प्रत्येक डावात सोंगटी अडखळते. अशा वेळी भिडेने किंवा बहुमताने निर्णय घेण्यापेक्षा एक साधा उपाय आहे. ज्याने खेळ पूर्वी पाहिलेला नाही, अशा एखाद्या आजीबाईंसमोर किंवा शेजारच्या लहान भावंडासमोर पट ठेवावा आणि काहीही न सांगता विचारावे, "वाट कोठून सुरू होते? कोठे जावयाचे?" त्यांचे बोट जेथे अडखळेल, तेथे पटाचा दोष समजावा; बोटाचा नव्हे. चित्रकाराने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर इंजिन लहान करावयास तोच प्रथम पुढे येण्याचा संभव अधिक. विद्यार्थिदशेत दुसरे काही हाती आले नाही, तरी आपले चांगले काम सर्वांच्या कामासाठी मागे घेण्याची ही सवय फार मोलाची आहे.

सावंतवाडीच्या गंजिफांची पुढील हकीकतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ संपत आली होती. राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या काळात राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली, आणि आज तेथील पाने देशोदेशी जातात. परंतु ती पुष्कळदा चौकटीत घालून भिंतीवर टांगली जातात; गंजिफा खेळता येणारी माणसे फार थोडी उरली आहेत. रूप वाचले, खेळ मात्र हातातून निसटत आहे. पट रंगविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा इशारा मानावा. मोडनिंबचा पट प्रदर्शनात मांडला गेला आणि त्याला बक्षीस मिळाले, तर उत्तमच. पण त्याचे सार्थक तेव्हा होईल, जेव्हा वर्षभराने त्याच्या घड्या मळलेल्या असतील, एका कडेला चहाचा डाग पडलेला असेल, आणि पंढरपूर कोणी आधी गाठले यावरून घरातील मुले भांडत असतील.