वणवा विझविणारी माणसे कोणाच्या हुकमात?



आज मी पिकावर बोलणार नाही, पिकाला लागणाऱ्या आगीवर बोलणार आहे. तीही पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या. तिकडे कोरडवाहू गहू, बार्ली आणि मेंढ्या हा मुख्य धंदा. पाऊस हिवाळ्यात पडतो, गहू नोव्हेंबर-डिसेंबरात काढणीस येतो आणि नेमका त्याच वेळी कडक उन्हाळा सुरू होतो. वाळलेले पीक, तापलेले काढणीयंत्र आणि सुसाट वारा एकत्र आले की एक ठिणगी पुरते.

पगारी अग्निशामक दल तिथे मुख्यतः मोठ्या शहरांपुरते. खेड्यांत आग विझवितात ते शेतकरीच. १९५४ च्या बुश फायर्स कायद्यान्वये ही व्यवस्था स्थानिक संस्थेकडे आहे. तिला ‘शायर’ म्हणतात. आपल्या पंचायत समितीसारखी समजा, फक्त वस्ती फार विरळ. शायर स्वयंसेवी पथके स्थापन करते, आग नियंत्रण अधिकारी नेमते (तोही पुष्कळदा बिनपगारी शेतकरीच), जमीनमालकांना जाळरेषा काढण्याची नोटीस देते आणि धोक्याच्या दिवशी काढणी बंद ठेवण्याचा हुकूम काढते. नोटीस मोडली तर दंड होतो. शिवाय शायर स्वतः पट्टा काढून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. राज्यभरात असे सुमारे २० हजार स्वयंसेवक आहेत.

पैसा येतो कोठून? २००३ पासून मालमत्तेच्या पट्टीबरोबरच आपत्कालीन सेवांचा वेगळा कर घेतला जातो. त्यातून पथकांना गाड्या, पंप, पोशाख मिळतात. अनेक ठिकाणी एक पगारी व्यवस्थापकही असतो. त्याचा पगार राज्याचे खाते आणि शायर वाटून घेतात. म्हणजे बिचाऱ्याला धनी दोन!

आता खरा वाद सांगतो. फेब्रुवारी २०११ मध्ये पर्थ शहराजवळच्या डोंगराळ भागात आग लागून ७१ घरे जळाली. सरकारी खात्यांचा आपसांत मेळ नव्हता, असे चौकशीत निघाले. तेव्हा २०१२ मध्ये एकाच आयुक्ताखाली नवे खाते उभे राहिले. सूत्रे एका हाती आली, हे चांगलेच झाले. पण नोव्हेंबर २०१५ मध्ये एस्परन्स भागात ऐन काढणीत आग लागली. एक शेतकरी आणि शेतावर कामास आलेली तीन परदेशी तरुण माणसे, असे चौघे दगावले. पाठोपाठ जानेवारी २०१६ मध्ये विजेमुळे लागलेली आग यारलूप गावात घुसली. गाव जवळजवळ बेचिराख झाले, दोन वृद्ध गेले. गावाला नेमका इशारा मिळाला तो फार उशिरा.

त्या पट्ट्यात दुधाचा धंदा आहे. रस्ते बंद झाले, गाई धारेसाठी खोळंबल्या. ज्यांना प्रत्येक ओढा आणि पायवाट ठाऊक, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि पाण्याच्या टाक्या, त्यांनाच नाक्यावर अडविले जात होते. पोलिसांचीही चूक नव्हती. आत जाऊन कोणी जळाला तर जबाब त्यांनाच द्यावा लागणार.

या आगीची चौकशी करणारे यूअन फर्ग्युसन यांनी शिफारस केली की, ग्रामीण अग्निसेवा वेगळी काढा, किंवा निदान त्याच खात्यात उपविभाग करा. पण तिला स्वतःचे अंदाजपत्रक, स्वतःचे कर्मचारी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले नेतृत्व द्या. स्वयंसेवकांच्या संघटनेला संपूर्ण स्वतंत्र सेवा हवी होती. सरकारने २०१८ मध्ये मधला मार्ग काढला आणि खात्याच्या आतच ग्रामीण अग्नि विभाग निर्माण केला.

मला विचाराल तर आगीच्या दिवशी हुकूम एकाचाच हवा, यात शंका नाही. परंतु उरलेल्या अकरा महिन्यांची कामे, म्हणजे जाळरेषा कोठून काढायची, कोणते गवत आधी जाळायचे, पंप कोण तपासणार, ही दूरच्या कार्यालयातून होत नाहीत. तिथे गावचा माणूस आणि त्याच्या हाती थोडा पैसा पाहिजे. फर्ग्युसन यांचे मला पटते ते एवढ्यासाठी.

आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. वनखाते हंगामी मजूर लावते, उपग्रहाने टिपलेली आग मोबाईलवर कळते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम ७९ तर असे की, ज्यांना जंगलात हक्क वा सवलत आहे, त्यांनी आग विझविण्यास मदत केलीच पाहिजे. कर्तव्य आहे, पण पंप, पोशाख, प्रशिक्षण? माझ्या आजोळी काजूची बाग पेटली तेव्हा वनरक्षक धावत आला, पण एकटाच; त्याच्याकडे तीन गावे. आम्ही ओल्या फांद्यांनी झोडपत होतो. चाळीसेक झाडे गेली.

तेव्हा जानेवारीच्या ग्रामसभेला वनरक्षकाला अगत्याने बोलवा. यंदा मजूर किती, ते कोठे बसणार, जाळरेषा आपल्या बांधापर्यंत येते की अलीकडेच थांबते, आणि रात्री डोंगरावर आग दिसली तर फोन कोणाला करायचा, एवढे त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. फवारणीचे पंप आणि पाण्याचे टँकर कोणाकडे आहेत, ती यादीही त्याच पानावर करा.