विचारावर विचार : आधी शिक्षकाने शिकावयाची विद्या

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी आयुष्यभर शिक्षक होतो; पुढे शिक्षकांचा प्रशिक्षक झालो. आज यशाच्या नव्हे, तर माझ्या हातून झालेल्या एका चुकीच्या आधारे बोलणार आहे.

सातवीच्या वर्गातील एक अत्यंत कष्टाळू मुलगी परीक्षेत अनुत्तीर्ण झाली. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "सर, मला सगळं येत होतं हो!" मी तिला "अजून अभ्यास कर" एवढेच सांगितले. तिने धडा पाच वेळा वाचला होता. वाचून वाचून तो डोळ्यांच्या ओळखीचा झाला होता आणि त्या ओळखीलाच ती ज्ञान समजत होती. पुस्तक मिटून स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा, हे तिला कोणी शिकवले नव्हते. मीही नाही.

आपल्याला काय समजले, काय समजले नाही आणि आता काय करावे, हे ओळखण्याच्या शक्तीला मानसशास्त्रात 'मेटाकॉग्निशन' म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी 1970 च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. आपण तिला 'विचारावरील विचार' म्हणू या. तिचे व्यवहारातील रूप तीन प्रश्नांत सामावते. कामापूर्वी : मी हे कसे करणार आहे? काम चालू असता : मला हे समजते आहे का? काम संपल्यावर : माझी रीत योग्य होती का?

एक साधे उदाहरण घेऊ. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? अनेक मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश असे उत्तर लिहितात. त्या वेळी मूल क्षणभर थांबून म्हणाले, "अर्ध्यात आणखी काही मिळवले, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल?" तर ती चूक शिक्षकाच्या लाल शाईवाचून दुरुस्त होते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 मधील आपल्या पुस्तकात प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून पाहणे अशा चार पायऱ्या सांगितल्या. आपल्या वर्गांत शेवटच्या पायरीसाठी वेळच उरत नाही.

वाचनाच्या बाबतीत पॅलिंक्सार आणि ब्राउन या दोन संशोधक महिलांनी 1984 साली एक पद्धत मांडली. उतारा वाचताना सारांश सांगणे, प्रश्न काढणे, अवघड जागा स्पष्ट करणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, ही चार कामे प्रथम शिक्षक करून दाखवतो. मग मुले आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात आणि शिक्षक हळूहळू मागे सरतो.

आता माझी चूक सांगतो. हे सारे शिक्षकांना शिकवण्यासाठी मी शिबिरे घेतली. तीन दिवस व्याख्याने, टिपणे, शेवटी प्रमाणपत्रे. काही महिन्यांनी एका शाळेत गेलो. भिंतीवर ते तीन प्रश्न सुंदर अक्षरांत लावलेले होते. मी आत येताच मुलांनी ते एका सुरात म्हणून दाखवले. मुलांनी ते प्रश्नही पाठ केले होते! दोष त्या शिक्षकांचा नव्हता. मी जसे शिकवले, तसेच त्यांनी शिकवले.

त्यानंतर मी व्याख्याने कमी केली. शिक्षकांच्या जोड्या करून त्यांना अपरिचित गणिते दिली. एकाने मोठ्याने विचार करीत सोडवावयाचे, दुसऱ्याने तो विचार जसाच्या तसा लिहावयाचा. आपण कोठे अडतो, हे तेव्हा प्रथमच अनेकांच्या ध्यानात आले. मग फळ्यापाशी उभे राहून, "इथे मी चुकलो, आता मागे जातो," असे म्हणण्याचा सराव केला. हे सर्वांत कठीण ठरले. एका ज्येष्ठ शिक्षकांनी विचारले, "मुलांसमोर चुकलो तर मान राहील का?" मी म्हणालो, "गुरुजी, चूक सुधारताना तुम्हाला पाहिले नाही, तर मुले ते कोठे पाहतील?"

शिबिर संपल्यावर ठरावीक दिवसांनी पुन्हा भेटायचे, येताना मुलांच्या वह्या आणायच्या आणि एकत्र बसून त्या वाचायच्या, हा नियम आम्ही केला. खरे प्रशिक्षण तेथेच झाले. इंग्लंडमधील एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशनने 2018 साली शाळांना दिलेल्या मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे, की ही कौशल्ये विषयाच्या अध्यापनातूनच द्यावीत आणि शिक्षकाने स्वतःचा विचार उघड करून दाखवावा. यासाठी वेगळा तास नको.

आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची आणि प्रगतिपत्रकात मुलांच्या स्वयंमूल्यमापनाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास केवळ हजेरीपटावर भरले, तर त्यांतून काहीही निष्पन्न होणार नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. शाळेला इमारत आणि संगणक अवश्य द्या. पण पंधरवड्यातून एक तास शिक्षकांना एकत्र बसून वह्या वाचण्यासाठी मोकळा द्या. आणि पालकहो, मूल घरी आल्यावर "किती गुण मिळाले?" याआधी "आज कोठे अडलास आणि मग काय केलेस?" असे विचारा.

ती सातवीतील मुलगी आज माझ्यासमोर नाही. परंतु तिच्यासारखी मुले प्रत्येक वर्गात बसलेली आहेत. कष्ट ती करतातच. त्या कष्टांना डोळस करणे आपल्या हाती आहे.