भावनांचे मोजमाप



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जे मोजता येते त्याचीच नोंद ठेवण्याची मला सवय. मानसशास्त्रज्ञही भावनांच्या बाबतीत तेच करू पाहतात. नाडीचे ठोके, तळहातावरील घाम, चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल यांची ते नोंद घेतात. काही मुखमुद्रा सर्व मानवजातीत समान असतात, असे पॉल एकमन यांनी प्रतिपादन केले. त्यावर आजही वाद आहे. ते असो. हसतमुख रुग्णही आतून खचलेला असू शकतो, हे आमच्या परिचारिका जाणतात.

म्हणून त्यालाच विचारावे लागते. झिगमंड आणि स्नेथ या मनोविकारतज्ज्ञांनी १९८३ मध्ये रुग्णालयांसाठी १४ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यातील मनःस्थितीविषयी ७ प्रश्न चिंतेचे, ७ खिन्नतेचे. प्रत्येकास ० ते ३ गुण. डोकेदुखी, निद्रानाश अशी लक्षणे त्यांनी हेतुपुरस्सर वगळली, कारण ती मूळ आजारामुळेही उद्भवतात. हा विवेक मला फार मोलाचा वाटतो. एका विभागात ११ वा अधिक गुण झाल्यास तज्ज्ञांनी रुग्णास तपासणे इष्ट. गुणसंख्या म्हणजे निदान नव्हे.

प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते. परंतु ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावयास, आणि उत्तर देताना डोळे भरून आले तर जवळ बसावयास कोणी तरी हवे. यंत्रांसाठी आपण सढळ हस्ते देता. समुपदेशकाच्या वेतनावर नामफलक लावता येत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही आगामी अंदाजपत्रकात या पदासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, अशी माझी नम्र विनंती आहे.