यंत्रापाशी प्रशिक्षित माणूस, मुलापाशी कोण?

(औद्योगिक पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे केलेले भाषण)



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ‘कौशल्य’ हा शब्द जितका कानी पडतो तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच पडत असेल. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. साठच्या दशकात भोसरी-चिंचवडच्या माळावर औद्योगिक वसाहत आखली गेली आणि या शतकात मोटार-उद्योगाने चाकणचा परिसर व्यापला. या सर्व काळात एक गोष्ट येथील कामगार पुरती जाणून आहे. यंत्रापाशी अप्रशिक्षित माणूस उभा करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय.

पॉवर प्रेसचे उदाहरण घ्या. या यंत्राने या पट्ट्यातील किती हातांची बोटे घेतली याची मोजदाद करणे कठीण आहे. अपघात झाला की मालकाचे उत्तर ठरलेले असे : कामगाराचा निष्काळजीपणा. हे उत्तर कामगार चळवळीने मान्य केले नाही. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण घालणे ही कारखानदाराची जबाबदारी आहे हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यात होते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, ही योजना याच तत्त्वातून आली. माणसाच्या सावधपणावर सुरक्षितता सोडून द्यावयाची नसते. ती यंत्राच्या रचनेत, शिकलेल्या माणसात आणि कामाच्या वेळापत्रकात बांधून घ्यावयाची असते. या तीन गोष्टी ध्यानात ठेवूनच आजच्या विषयाकडे वळू या.

कामगाराच्या घरात आता आणखी एक यंत्र आले आहे आणि ते त्याच्या मुलाच्या हातात आहे. कुरुळी, निघोजे, नाणेकरवाडी, म्हाळुंगे येथील भाड्याच्या खोल्यांतून संध्याकाळी फिरून पाहावे. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली ही कुटुंबे आहेत. आजी-आजोबा गावाकडे राहिले आहेत. बाप दुसऱ्या पाळीला, आई कोठे जुळणीच्या कामावर, कोठे कँटीनमध्ये, कोठे धुण्याभांड्याला. सहा वर्षांचे पोर डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलपुढे जेवते. त्याला कोणी बिघडवावयास निघालेले नाही; त्याच्याजवळ बसावयास कोणी नाही, इतकेच. ज्या शहरात पाळणाघर हवे होते तेथे मोबाईल आला आहे.

या यंत्रातून मुलापर्यंत काय पोचते हे आता गुपित नाही. हिंसा पोचते, अश्लीलता पोचते, जुगार पोचतो, अनोळखी माणसाची मैत्री पोचते आणि तिच्यामागून छायाचित्रांची धमकीही पोचते. २०२४ च्या जुलैमध्ये पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे एका शाळकरी मुलाने आपले जीवन संपवले. त्याच्या खोलीत ऑनलाइन खेळाशी संबंधित रेखाटने सापडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. अशा घटनेचे एकच एक कारण सांगणे उथळपणाचे होईल. पण मूल काय पाहते, कोणाशी बोलते, कशाने घाबरते हे ओळखणारे प्रशिक्षित माणूस त्याच्या आसपास असते काय, हा प्रश्न त्या दिवशी साऱ्या शहरापुढे उभा राहिला होता. त्याचे उत्तर अद्याप दिले गेलेले नाही.

आता मालकाचे उत्तर पाहा. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असे समाजमाध्यमांच्या कंपन्या म्हणतात. प्रेसच्या मालकाचे ‘कामगाराने सावध राहावे’ हे जे म्हणणे होते, तेच हे नव्या भाषेत आले आहे. २०२१ साली फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन या स्त्रीने कंपनीचे अंतर्गत कागद उघड केले. इन्स्टाग्राममुळे अनेक किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी अधिकच वाईट वाटू लागते, असे कंपनीच्याच संशोधनात नोंदले होते. म्हणजे धोका ठाऊक होता. कुंपण मात्र घातले गेले नाही, कारण मूल जितका वेळ पडद्यापुढे तितका नफा अधिक.

आपल्याकडे कुंपणाचा कायदा हळूहळू येत आहे. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या पाळतीवर आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंदी घातली. नियम मात्र २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी आली. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली. यातून निदान जबाबदारी कंपनीवर टाकता येते हे सिद्ध झाले. तथापि आपल्या कायद्यात पालकांच्या संमतीची जी अट आहे ती रात्रपाळी करून झोपलेल्या बापाकडून मूल कशी पुरी करून घेईल, हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट वेळेची. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक उपक्रम केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, माणसे एकमेकांशी बोलतात. या गावाचे कौतुक केलेच पाहिजे. पण चाकणला भोंगा नवा नाही. तेथे तो माणसांना घराबाहेर काढतो. संध्याकाळी सात वाजता दुसऱ्या पाळीचा कामगार यंत्रापुढे असतो. जादा कामाखेरीज ज्याची चूल पेटत नाही, त्या कंत्राटी कामगाराला ‘मुलांना वेळ द्या’ असा उपदेश करणे हा क्रूर विनोद आहे. म्हणून बालकांच्या संरक्षणाचा प्रश्न कामाच्या तासांचा, कायम नोकरीचा आणि पाळणाघराचा प्रश्न आहे. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, असे २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने सांगितले. किती संघटनांच्या मागणीपत्रकात पाळणाघराचे कलम वेतनवाढीच्या बरोबरीने येते? हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारावा. ‘बायकांचा विषय’ म्हणून तो आजवर शेवटच्या पानावर राहिला आहे.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट शिकलेल्या माणसाची. मुलाची भीती ओळखणे, त्याला दोष न देता बोलते करणे, पुरावा न पुसता तक्रार करणे, १०९८ या क्रमांकाचा उपयोग केव्हा करावा हे जाणणे, हे सारे कौशल्य आहे. ते केवळ मायेने येत नाही, शिकवावे लागते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचे २०२० चे नियम स्पष्ट सांगतात की मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला, मग ती नियमित असो वा कंत्राटी, वेळोवेळी प्रशिक्षण द्यावयाचे आहे. कागदावर हे फार मोठे पाऊल आहे. प्रत्यक्षात हे काम करावयाचे कोणी? अंगणवाडी सेविकेने. आणि तिला शासन कामगार मानावयास तयार नाही. तिला पगार नाही, ‘मानधन’ आहे. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क मान्य होण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२१ साली महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले आणि २०२३ च्या डिसेंबरात त्यांना बेमुदत संपावर जावे लागले. जिच्या श्रमाला कौशल्य म्हणून मान्यता नाही, तिच्यावर आपण मुलांच्या रक्षणाचा भार टाकणार आहोत. ही विसंगती दूर केल्याशिवाय प्रशिक्षणाचे सारे बोलणे पोकळ आहे.

याच ठिकाणी शिकाऊ कामगाराचाही विचार केला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौदाव्या वर्षी प्रवेश मिळतो, म्हणजे तेथील कितीतरी विद्यार्थी कायद्याने बालकच असतात. मोरवाडीच्या महानगरपालिकेच्या संस्थेत असो वा निगडीच्या शासकीय संस्थेत, त्यांना फिटरचे, वेल्डरचे काम शिकवले जाते. डोळ्यांवर चष्मा का लावावा हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते. पण झटपट कर्ज देणारे ॲप, जुगार, खाजगी चित्रांवरून होणारी खंडणी यांपासून डोळे कसे वाचवावेत? ‘रोजगारक्षमता कौशल्ये’ हा विषय अभ्यासक्रमात आहे. त्यात मालकाला हवा तसा कामगार घडवण्याबरोबरच स्वतःचे व धाकट्या भावंडांचे रक्षण करू शकणारा नागरिक घडवण्याचे तास का नसावेत?

एक इशारा मात्र दिला पाहिजे. रक्षणाच्या नावाखाली पहिला मोबाईल मुलीच्या हातून काढून घेतला जातो. करोनाच्या काळात तोच तिची शाळा होता. हानिकारक माध्यमांविरुद्धची लढाई ही ज्ञानाविरुद्धची, स्वातंत्र्याविरुद्धची वा स्त्रीविरुद्धची लढाई होता कामा नये. समाजवाद्यांनी संस्कृतिरक्षकांच्या पहाऱ्यात सामील व्हावयाचे नाही. मुलाला आंधळे करावयाचे नाही. यंत्राला कुंपण घालावयाचे आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. येत्या करारांच्या मागणीपत्रकात पाळणाघराचा आग्रह धरावा आणि त्यात कंत्राटी कामगारांच्या मुलांनाही जागा मागावी. अंगणवाडी सेविका, शिक्षक, शाळेच्या बसमधील मदतनीस यांचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पूर्ण मोबदल्यासह व्हावे. ग्राम बाल संरक्षण समिती आपल्या गावी आहे काय, ती शेवटची केव्हा बसली, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. आणि प्रत्येक वस्तीत संध्याकाळी दोन तास उघडे राहणारे एक वाचनालय, एक मैदान मिळवावे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेने एके काळी हेच केले होते. मुलांना संध्याकाळ दिली होती.

पॉवर प्रेसला कुंपण लागले ते संघटनेच्या बळावर. मुलांजवळ स्वतःची संघटना नाही. त्यांच्या वतीने उभे राहावयाचे ते त्यांच्या आईबापांच्या संघटनेनेच.