घरच्या निवडुंगाचे बी



घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ म्हणून मिरविणारे झाड वस्तुतः मेक्सिकोकडील निवडुंग होय. खरे ब्रह्मकमळ हिमालयातले. याचे फूल रात्री उमलते, पहाटे मिटते; फळ मात्र सहसा धरत नाही. म्हणून त्यास वांझ ठरविणे अन्यायाचे आहे. शेजारचे पानासारखे चपटे खोड आणून लावण्याची रीत असल्याने एका आळीतील सारी झाडे बहुधा एकाच झाडाचे तुकडे असतात, आणि ही जात स्वतःचा पराग सहसा स्वीकारीत नाही. यास्तव मुलांनी निराळ्या वंशाच्या फुलातील पराग कापसाच्या बोळ्याने (वर्धा जिल्ह्यात त्याची वानवा नाही) त्याच रात्री कुक्षीवर लावावा व देठास खुणेचा दोरा बांधावा. फळ न धरल्यास झाडे सगोत्र असल्याचा संशय घ्यावा. धरल्यास पिकू द्यावे. गर धुऊन काळे बी सावलीत वाळवावे. रोपास फूल येण्यास काही वर्षे लागतात. पेरणी पहिलीच्या मुलांकडून करवावी.