डोकेदुखी आणि माझी सुंठ



डोके दुखले की आपण सुंठ उगाळतो, कपाळाला लेप लावतो आणि कामाला लागतो. त्याने बरे वाटते, नाही असे नाही. पण हे दुखणे येते कुठून? तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे निघतात, पोटात नुसता चहा. रोवणीत आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळतात. मग कपाळ ठणकले नाही तरच नवल! मी निघण्याआधी गडूभर आंबील पिते आणि लाज सोडून पाणीही पिते. माझे दुखणे निम्म्याने गेले. उरलेले चष्म्याने गेले.

दुकानातली गोळी रोजची करू नये. महिन्यातून १५ दिवस वा अधिक घेत राहिले, तर गोळीनेच डोके दुखू लागते, असे डॉक्टर सांगतात.

आता माझी चूक सांगते. २०१८ च्या भाद्रपदात मुलीचे डोके दुखत होते, अंगही कढत. मी दोन दिवस सुंठच लावत बसले. तिसऱ्या दिवशी थंडीने तिचे दात वाजू लागले. आशाताईंनी बोटातून रक्त घेतले, हिवताप निघाला. औषधाने मुलगी बरी झाली. पण जंगलाकाठी जन्म गेला, तरी मला हे सुचू नये?

आता ताप आणि डोकेदुखी जोडीने आली, की आमची सुंठ डब्यातच राहते. आधी आशाताईंना निरोप जातो.