चप्पल कुणी केली, ते सांगा

(छोटा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या तरुण-तरुणींच्या बेळगावातल्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला, 'ऑनलाइन धंद्यासाठी ब्लॉग आणि तोंडी प्रसिद्धी'. मी मार्केटिंगचं शिक्षण घेतलेलं नाही. मी निपाणीजवळच्या एका गावातल्या चांभाराचा मुलगा. बंगळुरूत नऊ वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली. गेली सहा वर्षं आमच्या घरात आणि शेजारच्या सात घरांत होणाऱ्या कोल्हापुरी चपला इंटरनेटवरून विकतो. जाहिरातीवर खर्च करायला पैसे नव्हते, म्हणून लिहायला लागलो. त्यात दोन मोठ्या चुका केल्या. आज मुख्यतः त्या चुकांबद्दल बोलणार आहे, कारण तुम्हीही त्याच वाटेवर उभे आहात.

आधी तोंडी प्रसिद्धीबद्दल. मार्केटिंगची पुस्तकं सांगतात की ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची जाहिरात. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. बरोबर आहे. पण आपल्या देशात कोण कुणाला सांगतो? ज्यांच्या घरी आपण जेवतो, ज्यांच्याशी सोयरीक करतो, ज्यांच्या ओट्यावर बसतो, त्यांनाच ना? 'आपला माणूस आहे, त्याच्याकडून घे' या वाक्यातला 'आपला' हा शब्द ऐका. बाजारातली शिफारस जातीच्या वाटेनेच फिरत आलेली आहे. काही समाजांना पेढी, उधारी आणि गिऱ्हाईक तिघंही वारशात मिळतात. आपल्याला कारागिरी मिळाली. ती विकायची वाट मिळाली नाही.

हे नवं नाही. बाबासाहेब 1917 मध्ये परदेशातून मुंबईला परतले, तेव्हा त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. कोलंबियात शिकलेला अर्थशास्त्राचा पंडित. सल्ला चुकीचा होता म्हणून तो व्यवसाय बुडाला नाही. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळलं आणि ती येईनाशी झाली. तोंडी प्रसिद्धी तिथेही झालीच, फक्त उलटी झाली.

पुढे 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही. आपल्या धंद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की दुसऱ्याच्या दारातून जाणारी वाट तो कधीही बंद करू शकतो. बाबासाहेबांनी 'मूकनायक'नंतर 'बहिष्कृत भारत' काढला, मग 'जनता', मग 'प्रबुद्ध भारत'. पत्र बदललं, पण स्वतःचं पत्र हवं हा आग्रह सुटला नाही.

तिसरी गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघालं, पण महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. बरोबरच्या मंडळींनाही मग घ्यावा लागला. आज ज्याला 'इन्फ्लुएन्सर' म्हणतात, त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. पण तुमच्या-माझ्या दारात महाराज येणार नाहीत. मग आपण काय करायचं?

मी ब्लॉग सुरू केला. पहिल्या चार महिन्यांत अकरा जोड विकले, त्यातले सहा कंपनीतल्या मित्रांनी घेतलेले. मी लिहीत काय होतो? 'राजेशाही परंपरा', 'शतकांचा वारसा', 'कुशल हातांची जादू'. एका ओळखीच्या जाहिरातवाल्याने शिकवलं होतं की मोठ्या शहरातल्या गिऱ्हाइकाला हेच आवडतं. फोटो आप्पांच्या हातांचे होते. चेहरा एकाही फोटोत नव्हता. लेखांवर माझं नाव होतं, आडनाव नव्हतं. हे मी ठरवून केलं होतं. आडनाव वाचून कुणी 'पुढे बघू' म्हणेल ही भीती मला होती, आणि ती उगाच नव्हती. बंगळुरूत घर भाड्याने शोधताना ती मी अनुभवली होती.

ही माझी पहिली चूक. भीती चूक नव्हती. चूक ही होती की त्या लपवालपवीत माझं लिखाण पोकळ झालं. 'कुशल हात' असं तर कुणीही लिहू शकतो. यंत्रावर रेक्झिन कापून त्याला कोल्हापुरी म्हणणाराही तेच लिहितो. माझ्याकडे जे होतं आणि त्याच्याकडे नव्हतं, तेच मी झाकून ठेवलं होतं.

बदल कसा झाला ते सांगतो. रोज फोनवर लोक तेच तेच प्रश्न विचारायचे. चप्पल चावते, काय करू? पावसात भिजली, आता? खरी कोल्हापुरी ओळखायची कशी? एका रात्री बसून मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आप्पांना विचारून लिहिलं. ते म्हणाले, "आरं, नवं कातडं हाय, पायाची वळख व्हायला येळ लागतुया. पयल्या आठवड्यात घरातच तासभर घालायची, चावतंय तिथं तेलाचं बोट लावायचं. पाण्यात बुडवायची न्हाई. भिजलीच तर सावलीत वाळवायची, उन्हात न्हाई, न्हाईतर तडकती." मी ते जवळजवळ तसंच्या तसं लिहून टाकलं. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. 'राजेशाही वारसा' कुणी कुणाला पाठवला नव्हता. हा लेख लोकांनी एकमेकांना पाठवला. ज्यांनी माझ्याकडून चप्पल घेतली नव्हती, त्यांनीही पाठवला.

तेव्हा कळलं की ब्लॉग म्हणजे गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर, एकदाच नीट लिहून ठेवलेलं. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही कुणीतरी तो प्रश्न इंटरनेटवर शोधत असतो. आणि त्याला उत्तर देताना तो तुमची जात विचारत नाही, कारण त्याला त्या क्षणी पाय चावणारी चप्पल सोसत नसते! विश्वास तिथून सुरू होतो. जातीच्या वाटेला वळसा घालून जाणारी ही एक पायवाट आहे. रुंद नाही, पण आहे.

मग मी पुढचे लेख लिहिले. तळ म्हशीच्या कातड्याचा असतो. शिवण कातड्याच्याच वादीची असते, खिळा नसतो. कापशी हे नाव गावावरून आलं. हे सगळं लिहिताना आप्पांचं नाव येणारच होतं. मी विचारलं, नाव टाकू का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चपला इकायच्यात का जात सांगायचीय?" मी म्हटलं, दोन्ही वेगळं करता येईना झालंय. शेवटी त्यांनी स्वतःच चेहऱ्यासकट फोटो काढू दिला, नवीन शर्ट घालून. आमच्या समाजाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं.

मागणी घटली का? थोडी. एका नियमित गिऱ्हाइकाने ठरलेली मोठी ऑर्डर कारण न सांगता रद्द केली. कारण मी विचारलं नाही, त्यामुळे ते जातच होतं असं म्हणणार नाही. पण त्याच महिन्यात एका सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका ताईंनी सतरा जोड मागवले. त्यांच्या वॉर्डातल्या एकीने लेख वाचला होता, तिने दुसरीला दाखवला होता. त्यातल्या निम्म्या तरी आपल्या समाजातल्या नव्हत्या.

आता दुसरी चूक. ही सांगायला जास्त जड जाते.

'चप्पल कशी होते' हा माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. त्यात कापणं, ठोकणं, शिवणं, सगळं होतं. आप्पा होते, काका होते. एक दिवस सोलापूर जिल्ह्यातून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. शांतपणे म्हणाले, "लेख चांगला आहे बाळ. पण कातडं आकाशातून पडलं का?"

मला क्षणभर कळलं नाही. ते ढोर समाजाचे होते. कातडं चुन्यात घालून केस काढायचे, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कित्येक आठवडे मुरवायचं, त्या वासात उभं राहायचं, हे काम त्यांच्या पिढ्यांनी केलं. माझ्या लेखात 'कमावलेलं कातडं आणलं जातं' एवढं एकच वाक्य होतं. कुणी कमावलं, त्याचा पत्ता नव्हता. आणि वेणी घालण्याचं, म्हणजे वरच्या पट्ट्या विणण्याचं काम आमच्या घरात आई आणि काकू करतात. त्याही लेखात नव्हत्या.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवं होतं. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही वस्तू आहे. मीही त्यावर कडक लेख लिहिला. पण लिहिताना मला तो फोन आठवत होता. त्यांनी आमचं नाव घेतलं नाही, तसं मी माझ्या खालच्या पायरीवर ढकललेल्यांचं नाव घेतलं नव्हतं. जातीची उतरंड अशीच चालते. वरच्याने आपल्याला गाळलं की आपल्याला दिसतं, आपण खालच्याला गाळतो ते दिसत नाही.

मी लेख पुन्हा लिहिला. त्या गृहस्थांना भेटलो आणि त्यांच्या परवानगीने कातडं कमावण्याची सगळी माहिती त्यांच्या नावाने घातली. आता प्रत्येक जोडाबरोबर एक चिठ्ठी जाते. कातडं कुणी कमावलं, तळ कुणी ठोकला, वेणी कुणी घातली, तीन नावं. आई म्हणाली, "माझं नाव कशाला?" पण ती चिठ्ठी तिने देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली आहे. गिऱ्हाईक त्याच चिठ्ठीचा फोटो इतरांना पाठवतात. जाहिरात म्हणून मी ती केली नव्हती, पण तिच्याइतकी कामाला आलेली जाहिरात दुसरी नाही.

आता थोडं व्यवहाराचं, पटकन सांगतो.

शिफारस मागायची वेळ चुकवू नका. पार्सल पोचल्या दिवशी 'पाच तारे द्या' म्हणू नका, तेव्हा चप्पल चावतच असते! मी महिन्याभराने एकच संदेश पाठवतो, चप्पल पायात बसली का? बसली असेल तर माणूस आपणहून चार जणांना सांगतो. नसेल तर मला सांगतो, आणि मी बदलून देतो. मापाची भानगड मोठी होती, म्हणून आता कागदावर पाऊल काढून त्याचा फोटो मागवतो. परत येणारे जोड खूप कमी झाले.

खोटे अभिप्राय विकत घेऊ नका. कुणाला जोड फुकट दिला आणि त्याने त्यावर लिहिलं, तर 'भेट मिळाली' हे लिहायला सांगा. 2021 पासून जाहिरात मानक परिषदेचे तसे नियमच आहेत. पण नियम नसते तरी, आपल्या भांडवलात विश्वासाशिवाय दुसरं आहे काय?

समाजाच्या भावनेवर धंदा उभा करू नका. 'आपल्या माणसाकडून घ्या' म्हटलं की जयंतीला एक जोड खपतो. दुसरा जोड फक्त चांगल्या शिवणीवर खपतो.

मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर जरूर विका, पण स्वतःच्या नावाचा एक पत्ता इंटरनेटवर ठेवा, आणि गिऱ्हाइकांची यादी स्वतःच्या वहीत ठेवा. 'केसरी'ची गोष्ट विसरू नका.

शेवटचं. इथे बसलेल्या काही जणांच्या मनात प्रश्न आहे, आडनाव लिहायचं की नाही? मी कुणालाही 'लिहाच' म्हणणार नाही. कुणाचं भाड्याचं घर जाईल, कुणाची एकुलती मोठी ऑर्डर जाईल, ते तुमचं तुम्हाला माहीत. माझ्याजवळ नऊ वर्षांच्या नोकरीची बचत होती, म्हणून मला ते परवडलं. पण तुमचं नाव लिहा किंवा नका लिहू, ज्यांच्या हातून वस्तू होते त्या सगळ्यांचं नाव त्यांना विचारून लिहा. सगळ्यात खालचं काम करणाऱ्यापासून सुरुवात करा.

आप्पा आता फोन आला की स्वतः उचलतात. परवा दिल्लीहून कुणीतरी विचारत होतं, "ये चप्पल किसने बनाई?" आप्पा मोडक्या हिंदीत म्हणाले, "मैंने. लेकिन चमडा उन्होंने बनाया, उनका नंबर देता हूँ, लिख लो."

जय भीम!